गणपती ते दसरा: लॉनला खत घालायचे दिवस

ऑगस्ट उतरणीला लागला की या सदराकडं लॉनचे प्रश्न येऊ लागतात. आलेल्या पत्रांतली आठ निवडली आहेत. पत्रं लांब होती, म्हणून प्रश्न थोडक्यात दिले आहेत आणि गावाचं नाव तेवढं ठेवलं आहे. नव्या वाचकांसाठी सांगते, मी तासगाव तालुक्यातल्या शेतकऱ्याची मुलगी. लग्नानंतर न्यू जर्सीत आले आणि गेली अनेक वर्षं रटगर्स विद्यापीठाच्या मास्टर गार्डनर उपक्रमात स्वयंसेवक म्हणून काम करते. शेतीतले शब्द अजून वडिलांचेच तोंडात येतात. नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅश), वाफसा, वरखत. इथल्या पोत्यांवरचे आकडे मला त्याच शब्दांत समजतात.

काकू, आम्ही दरवर्षी एप्रिलमध्ये लॉनला खत घालतो. मे महिन्यात लॉन इतकं हिरवंगार होतं की येणारे-जाणारे थांबून बघतात. जुलैत मात्र निम्मं पिवळं पडतं आणि सप्टेंबरात जागोजागी माती दिसते. खताचा ब्रँड दोनदा बदलला. आता काय बदलायचं?
*एडिसन, न्यू जर्सी*

महिना बदला. खत बहुतेक ठीकच असेल.

आपल्या भागातल्या लॉनमध्ये केंटकी ब्लूग्रास, टॉल फेस्क्यू आणि पेरेनियल रायग्रास ही गवतं असतात. तिन्ही थंड हवेची. आपल्याकडच्या रब्बीच्या गव्हासारखी समजा. गहूही शेवटी गवतच, आणि त्याला थंडी मानवते. या गवतांची पानं ६० ते ७५ अंश फॅरनहाइटला जोमात वाढतात आणि मुळं त्याहून गार मातीत, ५० ते ६५ अंशांना. म्हणजे त्यांचे सुगीचे दिवस दोन: वसंत आणि शरद. या दोन्ही ऋतूंत तुम्ही सारखंच खत घातलंत, तरी गवत त्याचं सारखंच काही करत नाही.

एप्रिलमध्ये गवताची ओढ पानं फोडण्याकडं असते. त्यात नत्र मिळालं की ते सगळी साठवण पानांवर उधळतं. तुम्ही आठवड्यातून दोनदा मोअर (गवत कापायचं यंत्र) फिरवता, पानं पुन्हा फुटतात, पुन्हा साठवण खर्च होते. मुळं वरवर राहतात. मग जुलै येतो. दिवसा नव्वदच्या वर पारा आणि रात्रीही हवा गार होत नाही. गवत दिवसभरात जेवढी साखर तयार करतं, त्यातली बरीचशी उबदार रात्री श्वासातच जळून जाते. खाली मुळं उथळ, वर पानांचा पसारा मोठा. तुमच्या मे महिन्यातल्या हिरवाईची किंमत गवत जुलैत मोजतं.

सप्टेंबरात हे उलटं होतं. ऊन अजून चांगलं असतं, रात्री गार होतात, पानांची वाढ हळूहळू मंदावते. तयार झालेली साखर खाली जाते. मुळं वाढतात, फुटवे येतात, ब्लूग्रासचे जमिनीखालचे धुमारे पसरून मोकळ्या जागा भरतात. आताचं खत गवताच्या हाडामांसात जातं. पुढच्या एप्रिलात तुम्ही काहीही न घालता लॉन आपसूक लवकर हिरवं होतं.

हे मी अनुभवानं शिकले. १९९७ मध्ये आम्ही पहिलं घर घेतलं. एप्रिलच्या पहिल्या उबदार शनिवारी मी दोन पोती आणून, आमच्या उसाला वडील टाकायचे तसं मुठीनं खत फेकलं. आठ दिवसांत लॉनवर पट्टे उमटले. जिथं मूठ जड पडली तिथं काळपट हिरवं, जिथं हलकी पडली तिथं पिवळं, आणि जिथं वळून दोनदा टाकलं गेलं तिथं गवत जळून गवताच्या पेंढीसारखं. ऑगस्टपर्यंत त्या जड पट्ट्यांतलंच गवत आधी मेलं. सगळ्यांत जास्त जेवलेलं गवत सगळ्यांत आधी गेलं, हे मला तेव्हा फार लागलं. वडिलांना फोन केला. त्यांनी एवढंच विचारलं, "वाढ कशाची हवी होती? पाल्याची का मुळाची?"

तुमच्यासाठी वेळापत्रक सांगते. पहिलं खत सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, गणपतीच्या सुमारास. दुसरं साधारण पाच-सहा आठवड्यांनी, दसऱ्याच्या आसपास, ऑक्टोबरच्या मध्याच्या पुढं जाऊ न देता. तिथी मागंपुढं सरकतात, अधिक महिना आला की जास्तच, म्हणून तारीखही कॅलेंडरवर लिहून ठेवा. एप्रिलमध्ये काहीच नाही. लॉन फारच फिकट वाटलं तर मेच्या अखेरीस निम्म्या मापानं एकदा.

जिथं माती दिसते तिथं पेरणीही आताच करा. उगवणीला उबदार माती आणि पुढं वाढायला गार हवा, असे दोन्ही एकत्र फक्त याच दिवसांत मिळतात. दाताळ्यानं माती खरवडा, टॉल फेस्क्यूचं बी टाका, आणि पहिले दोन-तीन आठवडे वरचा थर ओला ठेवा. सप्टेंबर उलटला की मग पेरू नका.

आमचा प्लॉट पाव एकराचा आहे. दुकानात ३२-०-१० आणि २५-०-५ अशी पोती आहेत. 'विंटरायझर' असंही एक आहे. कुठलं आणि किती घ्यायचं? मित्र म्हणतो मधलं शून्य म्हणजे हलका माल, फॉस्फरस असलेलं शोध.
*प्लेन्सबरो, न्यू जर्सी*

मधलं शून्य मुद्दाम आहे. पहिला आकडा नत्राचा, दुसरा स्फुरदाचा, तिसरा पालाशचा. न्यू जर्सीत २०११ साली खताचा कायदा झाला. बार्नेगट बे या खाडीत लॉनवरून वाहून गेलेलं नत्र आणि स्फुरद साचून शेवाळ माजत होतं, त्यातून तो आला. माती परीक्षणात कमतरता दिसली, किंवा नवी पेरणी करताय, तरच लॉनला स्फुरद घालायचं. घरमालकानं एका वेळी हजार स्क्वेअर फुटांना ०.९ पौंडांपेक्षा जास्त नत्र घालायचं नाही, वर्षभरात ३.२ पौंडांपेक्षा जास्त नाही, आणि १५ नोव्हेंबर ते १ मार्च या काळात काहीच घालायचं नाही. मला हा कायदा मनापासून पटतो. आमच्या रस्त्याच्या कडेच्या गटाराच्या झाकणावर मासा कोरलेला आहे. तिथून आत गेलेलं पाणी कुठल्याही शुद्धीकरणाला जात नाही, थेट ओढ्याला जातं.

आता तुमचा हिशेब. पाव एकर म्हणजे आपले दहा गुंठे, १०,८९० स्क्वेअर फूट. पण तेवढं सगळं गवत नाही. घर, ड्राइव्हवे, डेक, फुलझाडांचे वाफे वजा करा. बहुतेक लोक प्लॉटच्या आकड्यावर पोतं घेतात आणि तिथंच खत दीडपट-दुप्पट होतं. टेप घेऊन मोजा. एकदाच मोजायचं आहे, आकडा गॅरेजच्या भिंतीवर लिहून ठेवा. समजा गवत ६,००० स्क्वेअर फूट निघालं.

२५-०-५ म्हणजे शंभर पौंड खतात पंचवीस पौंड नत्र. ०.९ ला ०.२५ नं भागा: ३.६. हजार स्क्वेअर फुटांना ३.६ पौंड खत, सहा हजारांना २१.६ पौंड. ३२-०-१० घेतलंत तर ०.९ भागिले ०.३२, म्हणजे हजाराला २.८ पौंड आणि एकूण सुमारे १७ पौंड. गुंठ्याच्या भाषेत विचार करणाऱ्यांना हे सोपं जाईल, कारण हजार स्क्वेअर फूट म्हणजे जवळजवळ एक गुंठाच. कुठलंही घ्या, फक्त मागच्या बाजूला नत्राचा काही भाग सावकाश सुटणारा आहे का ते वाचा. 'विंटरायझर' हे पोत्याचं नाव आहे, त्यावरही तेच तीन आकडे असतात. आकडे बघून घ्या, नाव बघून नको.

टाकताना स्प्रेडर (खत पसरायची ढकलगाडी) वापरा आणि खत वजन करून त्यात भरा. मी स्वयंपाकघरातला जुना तराजू त्यासाठी ठेवला आहे. निम्मं खत उभ्या चालीनं, निम्मं आडव्या चालीनं. पट्टे उमटत नाहीत. स्प्रेडर लॉनवर उभा करून भरू नका, सांडलं तर तिथं जळतं. ड्राइव्हवेवर भरा आणि लगेच झाडा.

हे झाडणं कुणी करत नाही, म्हणून जरा जास्त सांगते. खत टाकून झाल्यावर ड्राइव्हवेवर वाकून बघा. डांबराच्या बारीक खाचांत पांढरे, तपकिरी दाणे अडकलेले दिसतील, जोंधळ्याच्या कणीएवढे. पाऊस आला की त्यातला एकेक दाणा विरघळून त्या माशाच्या झाकणाखाली जाणार. केरसुणीनं ओढून ते पुन्हा गवतात लोटा. दहा मिनिटांचं काम आहे. त्यानंतर पाव इंच पाणी द्या, म्हणजे खत पानावरून मातीत उतरेल. मोठा पाऊस सांगितला असेल त्या दिवशी मात्र टाकू नका.

आणि या सगळ्याच्या आधी, जमलं तर, माती परीक्षण. रटगर्सची स्वतःची प्रयोगशाळा आहे. लॉनमध्ये दहा-बारा ठिकाणी तीन-चार इंच खोल माती काढा, वरचं गवत आणि मुळांची गादी झटकून टाका. प्लॅस्टिकच्या बादलीत सगळी एकत्र करा. मग वडील करायचे तसं करा: ढीग पसरा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन ठेवा, उरलेले टाका, पुन्हा मिसळा, पुन्हा चार भाग, असं दोन कप उरेपर्यंत. म्हणजे अख्ख्या लॉनची माती त्या दोन कपांत येते. आमच्या भागात बऱ्याच वेळा उत्तर खतात नसून सामूत, म्हणजे पीएचमध्ये, निघतं. माती आंबट, सामू साडेपाच. अशा मातीत तुम्ही घातलेलं खत गवताला नीट लागूच होत नाही. अहवालात चुन्याचं प्रमाण लिहून येतं. तो चुना घालायलाही हेच दिवस चांगले.

ताई, मी डॅलसजवळ नवीन घर घेतलं. न्यू जर्सीतल्या बहिणीचं ऐकून ऑक्टोबरमध्ये दोनदा भरपूर नत्र दिलं. तिचं लॉन सुंदर झालं. आमच्याकडं मात्र हिवाळ्यानंतर मोठे गोल डाग पडले. माझं काय चुकलं?
*फ्रिस्को, टेक्सस*

बहिणीचं गवत रब्बीचं, तुमचं खरिपाचं. टेक्ससात बर्म्युडा, सेंट ऑगस्टीन, झॉयसिया ही उन्हाळी गवतं असतात. त्यांची सुगी मे ते ऑगस्ट. थंडी पडू लागली की त्यांना झोपायचं असतं. तुम्ही झोपायला निघालेल्या लेकराला उठवून ताट वाढलंत. कोवळी पानं फुटली आणि तीच गारठ्यात सापडली. शिवाय ओल्या, गार शरदात या गवतांवर बुरशीचा गोल डाग पडतो, सेंट ऑगस्टीनवर विशेष, आणि त्या बुरशीला जादा नत्र फार मानवतं.

तुमच्याकडं नियम असा: पहिल्या गारठ्याच्या दीड महिना आधी नत्र बंद. डॅलसच्या आसपास सप्टेंबरच्या मध्यानंतर हात आवरा. जेवायला द्यायचंच असेल तर मे ते ऑगस्टच्या दरम्यान द्या.

तुमच्या लॉनमध्ये बर्म्युडा असेल तर एक सांगते. एक काडी उपटून हातात घ्या आणि पेरापाशी बघा. ती आपली हरळी आहे, गणपतीला एकवीसची जुडी करून वाहतो ती दूर्वा. आमच्या द्राक्षबागेत तिच्या मुळ्या काढता काढता बायकांची कंबर मोडायची. एवढं चिवट गवत एका चुकीच्या खतानं मरत नाही. एप्रिल-मेपर्यंत वाट बघा, डागांच्या कडेनं धावते फुटवे आत येतील.

सप्टेंबरमध्ये लॉनवर तपकिरी चट्टे पडले. खत कमी पडलं असेल म्हणून दोनदा घातलं. चट्टे वाढतच गेले. रात्री कुणीतरी प्राणी येऊन गवत उकरूनही जातो.
*पिस्काटवे, न्यू जर्सी*

आता आणखी खत घालू नका. चट्ट्याच्या कडेला जा, गवत मुठीत धरून वर ओढा. सतरंजी गुंडाळावी तसं ते हातात आलं, तर खाली मुळंच नाहीत, ती कुणीतरी खाल्ली आहेत. एक फूट बाय एक फूट तुकडा तीन बाजूंनी कापून उलटा करा. मातीत पांढऱ्या, तपकिरी डोक्याच्या, अर्धगोल वळलेल्या अळ्या दिसतील. तुमच्या घरात कुणाची ऊसशेती असेल तर ती लगेच ओळखतील: हुमणी. जात इथली वेगळी, सवय तीच. जपानी भुंगेरा १९१६ मध्ये अमेरिकेत पहिल्यांदा सापडला तो न्यू जर्सीतच, रिव्हर्टन गावात. जुलैत त्याची मादी लॉनमध्ये अंडी घालते आणि सप्टेंबरात अळ्या भरात असतात. रात्री येणारे स्कंक आणि रकून त्याच खायला येतात.

अळ्या मोजा. फुटात चार-पाच असतील तर सशक्त गवत त्या सोसतं, नुसतं पाणी द्या. दहाच्या वर असतील तर उपाय करावा लागेल. औषध आत्ताचं वेगळं आणि जूनमध्ये घालायचं वेगळं, त्यामुळं तो तुकडा पिशवीत घालून काउंटीच्या (जिल्ह्याच्या) एक्स्टेन्शन ऑफिसात, म्हणजे शेती सल्ला केंद्रात, दाखवा आणि ते सांगतील तेच घ्या.

मी कराडची, सहा महिन्यांसाठी मुलाकडं आले आहे. दर शनिवार-रविवारी मुलगा-सून पडलेली पानं गोळा करतात, कागदी पिशव्यांत भरून रस्त्याकडेला ठेवतात. चाळीस पिशव्या झाल्या. आम्ही गावाकडं पालापाचोळा उकिरड्यात टाकून खत करायचो. मुलाला म्हटलं, तर तो म्हणतो पानं ठेवली तर गवत मरेल. माझा जीव हळहळतो.
*कोलंबस, ओहायो*

मावशी, तुमची हळहळ खरी आहे आणि मुलगाही खोटं बोलत नाही. अख्खी पानं ओली होऊन एकावर एक चिकटली, तर खालच्या गवताला ऊन-वारा मिळत नाही आणि ते कुजतं. पण त्यावरचा उपाय चाळीस पिशव्या हा नव्हे.

मुलाला सांगा: पानं कोरडी असताना, दुपारी तीन-चारला, मोअरची पिशवी काढून ठेव. पातं तीन इंच उंचीवर घे, पात्याला धार लावून घे, आणि पानांवरून मोअर फिरव. मग त्याच जागेवरून आडवा फिरव. पानांचा चुरा होऊन गवताच्या काड्यांमधून खाली जातो. फिरवून झाल्यावर उभ्यानं बघायचं. गवताची टोकं वर दिसत असली म्हणजे झालं. चुऱ्याखाली टोकं बुडाली तर तेवढा जादा चुरा झाडांच्या बुडाशी टाकायचा. पानं एकदम पडत नाहीत, म्हणून आठवड्याला एकदा असं केलं की कधी ढीग होतच नाही.

मिशिगन स्टेट विद्यापीठात मेपल आणि ओकची पानं अशी लॉनमध्येच कुटून वर्षानुवर्षं पाहिली आहेत. गवताला अपाय झाला नाही, उलट वसंतात डँडेलियन या तणाची पिवळी फुलं कमी झाली. मी स्वतः बरीच वर्षं एकही पिशवी रस्त्यावर ठेवलेली नाही. पहिल्या वर्षी नोव्हेंबरात मी गुडघे टेकून गवत बाजूला करून बघितलं होतं, चुरा अजून तसाच होता. मे महिन्यात त्याच जागी बोट घातलं तर काळी, भुसभुशीत माती आणि तिच्यात गांडुळाची विष्ठा. कापलेल्या गवताचंही तेच. ते उचलू नये, वर्षाच्या नत्राचा जवळजवळ चौथा हिस्सा त्यातून परत मिळतो.

घरामागं एखादा कोपरा असेल तर चार खुंट्या आणि जाळी लावून तुमचा उकिरडा करा. सहा महिन्यांत तुम्हाला तयार खत बघायला मिळणार नाही, पण पुढच्या वर्षी सून तुम्हाला त्याचा फोटो पाठवेल.

इथं शेणखत मिळत नाही. दुकानात 'सेंद्रिय' म्हणून मिलॉर्गनाइट दिसतं. ते नक्की कशाचं असतं? शरदात चालेल का?
*नेपरव्हिल, इलिनॉय*

ते एका अर्थी सोनखत आहे. मिलवॉकी शहराचं सांडपाणी शुद्ध करताना सूक्ष्म जीव त्यातला मैला खाऊन वाढतात. ते जीव वेगळे करून, मोठ्या उष्णतेत वाळवून त्याचे दाणे करतात. १९२६ पासून ते विकलं जातंय. आकडे ६-४-०. नत्र कमी असल्यामुळं हजार स्क्वेअर फुटांना ०.९ पौंड नत्र द्यायला १५ पौंड दाणे लागतात. गवत जळत नाही ही त्याची जमेची बाजू. मात्र ते मातीतल्या जिवाणूंनी फोडावं लागतं आणि गार मातीत जिवाणू मंद असतात, म्हणून ऑगस्टअखेर ते सप्टेंबरच्या सुरुवातीला घाला, ऑक्टोबरची वाट बघू नका. त्यात स्फुरद आहे, तेव्हा माती परीक्षणात स्फुरद आधीच भरपूर निघालं असेल तर दुसरं काही घ्या. लॉनवर मी ते वापरलं आहे, भाजीच्या वाफ्यात घालत नाही.

आमच्या बंगल्याला छोटंसं लॉन आहे, नर्सरीवाल्यानं 'सिलेक्शन वन' लावलं. तुमचं सदर वाचून वाटलं आपणही ऑक्टोबरमध्ये खत घालावं. माळी म्हणतो युरिया टाकू.
*बाणेर, पुणे*

तुमचं गवत टेक्ससच्या वाचकासारखं, हरळीच्याच घराण्यातलं. पुण्यातला ऑक्टोबर मात्र टेक्सससारखा गारठ्याकडं धावत नाही. पाऊस संपलेला, ऊन कडक, माती उबदार, म्हणून महिन्याच्या सुरुवातीला एक हलकं वरखत चालतं. पावसाळ्यात चार महिने पाण्यानं नत्र धुपून गेलेलं असतं, त्यामुळं लॉन फिकट दिसतं. ऑक्टोबर संपल्यावर मात्र नको. डिसेंबर-जानेवारीत रात्री गार झाल्या की ते गवत थांबतं, त्याला थांबू द्या.

माळ्याला युरिया मुठीनं टाकू देऊ नका. एका चौरस मीटरला पाच ग्रॅम, म्हणजे दहा बाय दहा मीटरच्या लॉनला अर्धा किलो. तो दुप्पट-तिप्पट कोरड्या वाळूत मिसळून, गवत कोरडं असताना, निम्मा उभा निम्मा आडवा टाकायचा आणि लगेच पाणी द्यायचं. मला विचाराल तर युरियापेक्षा चाळलेलं, पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत पातळ थरानं पसरलेलं बरं. शेणखत कच्चं असेल तर तणांचं बी लॉनमध्ये येतं आणि हुमणीही येऊ शकते. हातात घेऊन वास घ्या. शेणाचा वास आला तर अजून कुजलेलं नाही, पहिल्या पावसात मातीला येतो तसा आला तर घ्या.

गेल्या वर्षी नोव्हेंबरच्या १८ तारखेला मिळालेलं पत्र: आई आजारी होती म्हणून भारतात गेले होते, कालच परत आले. खताचं पोतं गॅरेजमध्ये तसंच आहे. लॉन अजून हिरवं दिसतंय. आता पटकन घालून टाकू का?
*मोंटगमरी काउंटी, मेरीलँड*

या वाचकभगिनीला मी तेव्हाच कळवलं होतं, इतरांसाठी इथं देते. घालू नका. मेरीलँडमध्येही नोव्हेंबरच्या मध्यापासून १ मार्चपर्यंत घरमालकांना लॉनला खत घालायला बंदी आहे. बंदी नसती तरी मी नकोच म्हटलं असतं. पानं हिरवी दिसतात, पण माती गार झाली की मुळांची ओढ कमी होते, न उचललेलं नत्र हिवाळ्याच्या पावसात खाली झिरपतं किंवा वाहून जातं. एक शरद चुकला म्हणून लॉन मरत नाही.

पोत्याचं तोंड घट्ट बांधा, सिमेंटवर न ठेवता फळीवर ठेवा, नाहीतर ओल धरून त्याचे दगड होतात. खत खराब होत नाही. मार्चमध्ये बंदी उठली म्हणून तेव्हाही घाई करू नका. मेच्या अखेरीस निम्मं माप, उरलेलं सप्टेंबरात. आणि आईंची तब्येत आता कशी आहे ते जरूर लिहा.